कातळ लागेपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

निवृत्त माणसाला परदेशात मुलीकडे गेल्यावर काय उद्योग असतो, हे ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना सांगायला नको. सकाळी मुलगी आणि जावई कामावर जातात, नात शाळेत जाते, आणि आपण खिडकीतून समोरच्या घराचं लॉन पाहत बसतो. माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ, फ्रीमॉन्ट नावाच्या गावी राहते आणि नोकरीला शहराच्या मध्यभागी जाते. २०१४ च्या शरद ऋतूत मी तिकडे होतो, तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा तिच्याबरोबर लोकलने शहरात जायचं आणि संध्याकाळी तिच्याबरोबरच परत यायचं, असा परिपाठ मी ठेवला. मधले सात-आठ तास माझे. म्युझियमं दोन दिवसांत संपली. तिसऱ्या दिवशी मिशन स्ट्रीटवर एका कुंपणापलीकडून मला ओळखीचा आवाज आला. पायलिंगच्या यंत्राचा. माझी सगळी हयात बांधकामात गेली. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मी थांबलो, आणि त्यानंतरची चार वर्षं, जेव्हा जेव्हा अमेरिकेत गेलो तेव्हा, त्या कुंपणापाशी जाऊन उभा राहत आलो.

तिथे उभी राहत होती ती इमारत आज सेल्सफोर्स टॉवर म्हणून ओळखली जाते. उंची ३२६ मीटर, मजले ६१, आणि बहुतेक सगळी कचेऱ्यांची. तोवर सॅन फ्रान्सिस्कोतली सर्वांत उंच इमारत होती १९७२ ची ट्रान्सअमेरिका पिरॅमिड, २६० मीटरची. काम सुरू झालं २०१३ मध्ये. तेव्हा तिचं नाव ट्रान्सबे टॉवर होतं. २०१४ मध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीने तिच्यातली निम्मी जागा, म्हणजे सुमारे सात लाख चौरस फूट, भाड्याने घ्यायचं ठरवलं आणि इमारत जमिनीच्या वर यायच्या आतच तिचं बारसं दुसऱ्यांदा झालं. वास्तुरचनाकार होते सीझर पेली. क्वालालंपूरचे पेट्रोनास जुळे मनोरे त्यांचेच. २०१९ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले. ही इमारत पुरी झालेली त्यांना पाहता आली.

आता तुम्ही म्हणाल, उंच इमारत म्हणजे वर बघायची गोष्ट. पण पहिल्या वर्षी वर बघण्यासारखं काहीच नव्हतं. सगळा खेळ खाली चालला होता. आणि माझ्या मते या इमारतीची खरी गोष्ट खालचीच आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचा तो भाग मुळात समुद्र होता. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं शोधायला माणसांची झुंबड उडाली. लोक जहाजांनी आले, जहाजं खाडीत टाकून सोन्यामागे डोंगराकडे पळाले. ती बेवारस जहाजं, वाळू, दगड, गावचा कचरा, सगळं लोटून ती खाडी बुजवली आणि वर रस्ते केले. आजही तिकडे पाया खणताना जुन्या जहाजांची लाकडं सापडतात. शेजारच्या नव्या बस टर्मिनलच्या खड्ड्यात तर २०१२ मध्ये एका क्रेनचालकाला मॅमथचा, म्हणजे हिमयुगातल्या हत्तीच्या भावंडाचा, दात सापडला होता. आपल्या मुंबईच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. नरिमन पॉइंटही असाच समुद्र बुजवून केलेला. फरक एवढाच, की मुंबईत भराव आणि चिखल संपला की फार खोल न जाता काळा कातळ भेटतो. तिकडे तो भेटतो कुठे, तर जवळजवळ तीनशे फुटांवर.

वरून खाली जाऊ लागलात तर आधी भराव लागतो. मग खाडीचा मऊ गाळ. मग घट्ट वाळूचा एक थर, इतका घट्ट की भल्याभल्यांना तो पायाला पुरेसा वाटावा. पण त्या वाळूखाली पुन्हा जुन्या चिकणमातीचा जाड थर आहे, आणि कातळ आहे त्याच्याही खाली. प्रश्न असा असतो, की थांबायचं कुठे?

या इमारतीच्या इंजिनिअरांनी कातळापर्यंत जायचं ठरवलं. ४२ पाइल, आणि प्रत्येक सुमारे तीनशे फूट, म्हणजे ९० मीटर खोल, कातळात रुतवलेला. ९० मीटर म्हणजे तीस मजल्यांची इमारत जमिनीत उलटी पुरण्यासारखं. हे पाइल आपल्याकडच्यासारखे गोल नव्हते. भिंतीच्या तुकड्यासारखे आयताकृती चर खणायचे. चराच्या बाजू ढासळू नयेत म्हणून खणतानाच त्यात बेंटोनाइट मातीचं दाट पाणी भरत राहायचं. तळ गाठला की सळयांचा पिंजरा आत सोडायचा आणि खालून वर काँक्रीट भरत आणायचं. काँक्रीट जड असल्यामुळे ते मातीच्या पाण्याला वर ढकलतं. मी कुंपणाच्या फटीतून तो पिंजरा उचलताना पाहिला. एवढा लांब पिंजरा एका दमात उभा करता येत नाही. एक तुकडा आत सोडायचा, तो तोंडाशी धरून ठेवायचा, वरून दुसरा जोडायचा. हे काम करणारी माणसं घाई करत नव्हती, हे मला सर्वांत आवडलं.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय मी त्या कुंपणापाशी एवढा वेळ का उभा राहत होतो, ते कळणार नाही.

१९७३ साली मी नवा इंजिनिअर म्हणून मुंबईत एका कामावर लागलो. भरावाचीच जमीन होती. तेव्हाचं पायलिंग म्हणजे लोखंडी तिपाई, विंच, आणि दोरीला बांधलेलं जड चिझेल. ते उचलायचं आणि सोडायचं, उचलायचं आणि सोडायचं. कातळ लागला, की चिझेल टणत्कार करून उसळतं आणि बेलरमधून काळ्या खपल्या वर येतात. त्या खपल्या बघून, कातळात ठरलेल्या वेळात चिझेल किती उतरतं ते मोजून, इंजिनिअरने पायलिंगच्या रजिस्टरात सही करायची, की हा पाइल इथे थांबवायला हरकत नाही. एका रात्री, दोनच्या सुमाराला, मुकादम मला उठवायला आला. सांगोल्याकडचा माणूस होता. म्हणाला, "सायेब, कातळ लागला बघा." मी गेलो. आवाज कातळाचा होता, खपल्याही काळ्या होत्या. खोली १४ मीटर. शेजारचे पाइल सतरा-अठरा मीटर गेले होते, पण कातळ काही सपाट नसतो. एक-दोन तास आणखी चिझेल मारून बघायला हवं होतं. मला झोप येत होती. मी सही केली. पहाटे काँक्रीट झालं.

दुसऱ्या दिवशी त्याच्यापासून दोन मीटरवरचा पाइल साडेसतरा मीटर गेला. तेव्हाच मला कळलं, की आदल्या रात्री लागला तो कातळ नव्हता. भरावात टाकलेला एखादा मोठा धोंडा असणार, आणि त्याच्याखाली गाळ. हे मला कळलं होतं आणि मी आठ दिवस गप्प बसलो. आठव्या दिवशी वरिष्ठांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "आठ दिवस काय करत होतास?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पाइलच्या दोन बाजूंना दोन नवे पाइल घेतले, वरची पाइल कॅप मोठी केली, काम तीन आठवडे लांबलं. ठेकेदाराने मुकादमाला कामावरून काढून टाकलं. रजिस्टरात सही माझी होती, त्याची नव्हती. मी तेव्हाही काही बोललो नाही.

असो. तर २०१५ च्या नोव्हेंबरात मी पुन्हा मुलीकडे होतो आणि एका शनिवार-रविवारी त्या इमारतीचा राफ्ट ओतला जायचा होता. राफ्ट म्हणजे सगळ्या पाइलच्या डोक्यावर बसणारी काँक्रीटची एकच जाड लादी. ही लादी होती १४ फूट, म्हणजे सव्वाचार मीटर जाड. काँक्रीट सुमारे ९,००० घनमीटर. एका ट्रकमध्ये मावतं सात-आठ घनमीटर. म्हणजे हिशेब करा, बाराशेच्या आसपास खेपा, आणि त्याही सलग. आसपासचे रस्ते त्यासाठी बंद केले होते. शहराच्या मध्यवस्तीत हे काम सुट्टीच्या दिवसांतच करता येतं.

सलग का, थांबून थांबून का नाही? कारण आधीचं काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याच्यावर नवीन ओतलं, तर दोघांमध्ये सांधा राहतो. घराची स्लॅब टाकताना संध्याकाळ झाली तरी गवंडी का थांबत नाही, त्याचं कारण हेच. पण जाड काँक्रीटची आणखी एक अडचण असते, आणि ती सामान्य माणसाला माहीत नसते. काँक्रीट वाळून घट्ट होतं असा आपला समज आहे. तसं नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. घराच्या पाच इंची स्लॅबमध्ये ती हवेत निघून जाते. सव्वाचार मीटर जाडीच्या पोटात ती कोंडून राहते. आत गरम आणि वरून गार, अशी स्थिती झाली की लादीला तडे जातात. म्हणून अशा कामात सिमेंटचा काही भाग कमी करून फ्लाय ॲश किंवा पोलादाच्या भट्टीतली मळी घालतात. धरणाच्या कामावर तर पाण्याऐवजी बर्फ घालतात. आणि ओतून झाल्यावर लादी गार करायची नसते, उलट पांघरूण घालून ऊबदार ठेवायची असते, म्हणजे आतलं आणि बाहेरचं तापमान फार वेगळं राहत नाही. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, थोडक्यात दही लावण्यासारखं." तसं ते नाही, पण मी वाद घातला नाही.

जमिनीच्या वरचं काम त्यामानाने भराभर झालं. मधोमध काँक्रीटचा गाभा, ज्यात लिफ्ट आणि जिने. भोवती पोलादी खांब आणि तुळया. गाभा आधी वर जायचा, पोलाद त्याच्या मागून. हा गाभाच इमारतीचा कणा. वाऱ्याला आणि भूकंपाला तोंड द्यायचं ते त्याने. १९०६ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने हे शहर जवळजवळ पुसून टाकलं होतं; १९८९ च्या भूकंपात भरावावरची घरं कोसळली. त्यामुळे तिकडे इमारत भूकंपात तुटणार नाही ना, एवढंच विचारत नाहीत. तुटलीच तर कुठे आणि कशी, तेही आधी ठरवतात. गाभ्यात दरवाजांवर ज्या आखूड तुळया असतात, त्या मोठ्या हादऱ्यात मुद्दाम वाकाव्यात, तडकाव्यात, हादऱ्याची ताकद त्यांनी गिळावी आणि भिंती शाबूत राहाव्यात, अशी त्यांच्या सळयांची रचना असते. १९९३ मध्ये किल्लारीला जे झालं ते आठवा. दीड-दोन हात जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या. वजन प्रचंड, आणि एका दगडाला दुसऱ्याशी बांधणारं काही नाही. भिंत वाकली नाही. एकदम सुटली आणि झोपलेल्या माणसांवर आली. जाड म्हणजे मजबूत, हा आपला समज त्या पहाटे फार महागात पडला.

आता शेजाऱ्याबद्दल. ऑगस्ट २०१६ मध्ये मी पुण्यात होतो, तेव्हा मुलीने एक बातमी पाठवली. सेल्सफोर्स टॉवरच्या समोर, फ्रीमॉन्ट स्ट्रीटच्या पलीकडे, मिलेनियम टॉवर नावाची ५८ मजल्यांची राहती इमारत आहे. २००९ मध्ये पुरी झालेली, श्रीमंतांची. ती १६ इंच खचली होती आणि एका बाजूला कलू लागली होती.

तिचे पाइल नऊशेच्या वर, म्हणजे संख्येने भरपूर. पण ते कातळापर्यंत नेलेले नव्हते. मघाशी सांगितला तो घट्ट वाळूचा थर आला, तिथे ते थांबले. हे काही चोरून केलेलं नव्हतं. त्या भागात अनेक इमारती तशाच उभ्या आहेत. पण ही इमारत सबंध काँक्रीटची, वजनाने फार जड. वाळूने भार सोसला. वाळूखालच्या चिकणमातीला तो सोसवला नाही. चिकणमातीच्या पोटात पाणी असतं. वर वजन आलं, की ते पाणी अतिशय हळूहळू बाहेर निघतं आणि तेवढी माती दबते. आपण दही पंचात बांधून त्यावर पाटा ठेवतो, तसंच. रात्रभर पाणी निथळतं आणि सकाळी चक्का अर्ध्यावर आलेला असतो. मातीची रात्र काही वर्षांची असते, एवढंच. आणि सगळीकडून सारखं निथळलं तर इमारत सरळ खाली बसते. एका बाजूने जास्त निथळलं तर कलते.

कोर्टकचेऱ्या पुष्कळ झाल्या. शेजारच्या टर्मिनलच्या खोदकामासाठी जमिनीतलं पाणी उपसलं म्हणून हे झालं, असं एक म्हणणं. टर्मिनलवाल्यांना ते मान्य नव्हतं. २०२० मध्ये तडजोड झाली. मग दुरुस्ती अशी ठरली, की इमारतीच्या दोन बाजूंना, फूटपाथखाली, कातळापर्यंत नवे पाइल न्यायचे आणि काही भार त्यांच्यावर घ्यायचा. २०२१ मध्ये ते काम मध्येच थांबवावं लागलं, कारण खोदायला लागताच इमारत जास्त वेगाने खचू लागली. आधी ठरलेले ५२ पाइल कमी करून शेवटी १८ केले आणि २०२३ मध्ये काम पुरं झालं. माणसं या सगळ्या काळात तिथे राहतच होती. इमारत राहायला सुरक्षित आहे, असाच शहराच्या तज्ज्ञांचा निर्वाळा होता. तरी रोज सकाळी चहा पिताना त्या लोकांच्या मनात काय येत असेल, ते मी समजू शकतो.

आणि कातळापर्यंत गेलं म्हणजे सगळं निभावलं, असंही समजू नका. शेजारचं नवं टर्मिनल, ज्याच्या गच्चीवर साडेपाच एकरांची बाग आहे, ऑगस्ट २०१८ मध्ये थाटात उघडलं आणि सहा आठवड्यांत बंद करावं लागलं. छत तोलणाऱ्या पोलादी तुळयांना तडे गेलेले दिसले. कामगार छताचे पत्रे बसवत होते, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी लक्षात आलं. तपासण्या आणि दुरुस्त्या करून ते पुन्हा उघडायला जुलै २०१९ उजाडला. मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: ज्याने पाहिलं, त्याने सांगितलं, आणि ज्याला सांगितलं, त्याने दुसऱ्याच दिवशी बस थांबवल्या असं नव्हे, तर त्याच दिवशी थांबवल्या.

टॉवरच्या दिसण्याबद्दल माझं मत विचाराल, तर मला तो फारसा आवडत नाही. वर निमुळता, कडा गोल. उभा ठेवलेला दुधी भोपळा. रात्री मात्र बरा दिसतो. शेंड्यावर जिम कॅम्पबेल नावाच्या कलाकाराने ११,००० दिवे बसवले आहेत आणि त्यांवर शहरात दिवसभरात टिपलेली दृश्यं हलत असतात. आमच्या नातीला ते खालून ओळखू येतं; मला नुसते ढग दिसतात. २०१८ च्या जानेवारीत माणसं तिथे कामाला यायला लागली. दोनच वर्षांनी कोविड आला, लोक घरून काम करायला लागले, आणि पुढच्या काही वर्षांत त्या शहरातल्या कचेऱ्यांची तीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी पडली. पाइल मोजणाऱ्यांनी भूकंप मोजला होता, वारा मोजला होता. हे कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

शेवटची तुळई वर गेली ती एप्रिल २०१७ मध्ये. मी तेव्हा तिथे होतो. अमेरिकेत प्रथा आहे, की सांगाड्याची शेवटची तुळई चढवायच्या आधी ती खाली ठेवतात आणि कामावरची माणसं तिच्यावर आपापली नावं लिहितात. वेल्डर, क्रेनवाले, सळया बांधणारे, साहेब लोक, सगळे. मग ती वर जाते आणि पुढे आच्छादनाआड झाकली जाते. नावं पुन्हा कुणाला दिसत नाहीत, पण असतात. मी फूटपाथवर मान वर करून उभा होतो. माझ्याशेजारी एक कामगार होता, डोक्यावर हेल्मेट, हातात डबा. त्याने बोट वर करून मला सांगितलं, "माझं नाव आहे तिथे." मी म्हटलं, छान. त्याने विचारलं, तुम्हीही याच धंद्यातले का? मी हो म्हटलं.

सांगोल्याच्या त्या मुकादमाचं नाव आमच्या कामावर एकाच ठिकाणी होतं, आठवड्याच्या पगाराच्या वहीत, त्याच्या अंगठ्याशेजारी. मी पुढे दोनदा सांगोल्याला गेलो होतो, दुसऱ्या कामानिमित्त. चौकशी केली. त्या नावाची माणसं पुष्कळ निघाली, तो नाही सापडला.

मुंबईतली ती इमारत अजून आहे. त्या बाजूला जाणं झालं, की मी समोरच्या फूटपाथवर थांबतो, एक डोळा मिटतो आणि तिचा तो कोपरा मागच्या इमारतीच्या कडेशी लावून बघतो. पन्नासहून जास्त वर्षं झाली. अजून ओळंब्यात आहे.